दप्तरी दाखल

‘होईल हो हळूहळू’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं आजही फिरतं. नोकरीची सगळी वर्षं मी हे वाक्य ऐकलं, टाइप केलं, त्याच्या कार्बन कॉप्या काढल्या आणि जावक नंबर टाकून बाहेरगावी पाठवलं. हे वाक्य एकदाही तोंडातून न काढलेले एकच गृहस्थ मी तिथं पाहिले. आमचे बिराजदारसाहेब, नियोजन विभागाचे कक्ष अधिकारी. तरीही मला जेवढा राग त्यांचा येतो तेवढा त्या हळूहळूवाल्यांचाही येत नाही. ते रिटायर झाले, मीही झाले, राग काही रिटायर होत नाही.

आमचं विद्यापीठ नांदेड-लातूर रस्त्यावर, अहमदपूरच्या अलीकडं एका माळावर होतं. नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं व्हायचंय? भूकंपानंतर काही वर्षांनी निघालेलं, चार विभागांचं, एका पाण्याच्या टाकीचं विद्यापीठ. मुख्य इमारत सोडली तर बाकी सगळं नकाशावर. ग्रंथालय नकाशावर, उपाहारगृह नकाशावर, मुलींचं वसतिगृह नकाशावर. आणि हा नकाशा ज्या भिंतीवर लावला होता तो आमचा विभाग. मी कनिष्ठ लिपिक. माहेर हिमायतनगरचं, सासर नांदेडचं, रोज एसटीनं जाऊन-येऊन करायची. पोहोचेपर्यंत कमरेचे टाके ढिले व्हायचे.

पहिल्या दिवशी मी रुजू व्हायला गेले तेव्हा साहेबांनी माझ्याकडं बघितलंच नाही. माझ्या खुर्चीकडं बघितलं. खुर्ची लोखंडी कपाटाला लागून होती.

“बाई, उठा,” ते म्हणाले. “हितं बसू नका.”

मला वाटलं, जागा दुसऱ्या कुणाची असेल. पण साहेबांनी स्वतः खुर्ची उचलून खिडकीशी नेली, कपाट हलवून बघितलं, कपाटावरचे गठ्ठे खाली उतरवले. मग म्हणाले, “आता बसा. उंचावर वजन ठिवायचं न्हाई आपल्या विभागात.” एवढंच. नाव विचारलं ते दुपारी जेवताना.

साहेब किल्लारीकडच्या एका खेड्यातले. भूकंप झाला तेव्हा ते लातूरला एका कॉलेजच्या ऑफिसात होते म्हणून वाचले. घरच्यांबद्दल बोलायचे नाहीत. पण कुठल्याही खोलीत शिरले की आधी छताकडं बघायचे, मग दाराकडं. नवीन इमारतीचा नकाशा आला की लाल पेन्सिलीनं प्रत्येक दाराला खूण करायचे आणि इंजिनियरला परत पाठवायचे. इंजिनियर वैतागायचा. “अहो साहेब, सगळ्या जगात दारं आतच उघडतात!” साहेब शांतपणे म्हणायचे, “पळायच्या टायमाला माणूस दार वडत न्हाई, ढकलतंय. भाईर उघडू द्या.” आमच्या मुख्य इमारतीची सगळी दारं त्यामुळं बाहेर उघडतात. व्हरांड्यातून जाणाऱ्यांच्या कपाळावर आदळतात, तो भाग वेगळा.

कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, रोज. घरी कानडी. बायकोचा फोन आला की नुसतं “हौदु, हौदु”, म्हणजे ‘हो, हो’, म्हणत मान हलवायचे. पावलांनी जागा मोजायची सवय होती आणि मोजताना आकडे कानडीत असायचे. माळावर एकटेच चालताना दिसले आणि ओठ हलत असले की आम्ही समजायचो, साहेब एखादी इमारत मोजून राहिलेत.

बोलणं थोडं, कागद फार. “कागदावर आलं की व्हतंय, बाई,” हे त्यांचं रोजचं. आणि दुसरं, “शेऱ्याला प्रश्न इचारायचा न्हाई.” शेरा म्हणजे वरच्या साहेबानं फाइलीवर लिहिलेला हुकूम. त्यावर ना नाराजी, ना तक्रार, ना जाऊन भेटणं. शेरा आला की तो पाळायचा आणि पुढचा कागद घालायचा. मला या गोष्टीची पहिल्यापासून चीड. आमच्या हिमायतनगरला साधी भाजीवालीसुद्धा दहा प्रश्न विचारते!

दर महिन्याला विद्यापीठाचं ‘परिसर वार्ता’ नावाचं दोन पानी पत्रक निघायचं. कुठं काय बांधलं, काय चाललंय, काय होणार. ते लिहायचं काम साहेबांचं, टाइप करायचं माझं. सगळीकडं अशा पत्रकात ‘प्रगतिपथावर’ हा शब्द मिठासारखा वापरतात. साहेबांनी तो कधी वापरला नाही. जे झालं नाही त्याला ‘झालेले नाही’ लिहायचे. एकदा कुलसचिवांनी मोठा गाजावाजा करून माळावर झाडं लावली. फोटो निघाले, सरबत झालं. पुढच्या महिन्याच्या पत्रकात साहेबांनी लिहून दिलं: ‘वृक्षारोपण झाले. पैकी जिवंत रोपे सदतीस. रोज येणाऱ्या शेळ्या चौदा.’

मी म्हणाले, “साहेब, शेळ्या काढू का?”

“म्या कितीदा हाकलल्या, जात न्हाईत,” ते म्हणाले. मी टायपिंगमधून काढू का विचारत होते हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. शेळ्या छापल्या गेल्या. कुलसचिव आठ दिवस आमच्याशी बोलले नाहीत, आणि कुंपणाला तार मात्र दहाव्या दिवशी आली. तेव्हा मी मनातल्या मनात साहेबांना मानलं. कबूल करते.

पण त्या पत्रकातली एक ओळ दर महिन्याला तशीच असायची. ‘मुलींचे वसतिगृह: झालेले नाही.’ मला ती ओळ टाइप करताना बोटांना कंटाळा यायचा. साहेबांना नाही.

मुलींच्या वसतिगृहाचं असं होतं. आमच्या विद्यापीठात प्रवेशाला मुली भरपूर यायच्या. जूनमध्ये वर्ग भरलेला, दिवाळीनंतर अर्ध्या गायब. गावाकडून एकच एसटी, ती चुकली की दिवस गेला, संध्याकाळी उशीर झाला की घरी बोलणी. बाप दोन महिने बघायचा आणि नाव काढून घ्यायचा. जवळ राहायचं तर अहमदपुरात खोली मिळेना आणि लातुरात तर विचारूच नका. तोपर्यंत लातूर क्लासेसचं झालं होतं. प्रत्येक भिंतीवर गुणवंतांचे फोटो, प्रत्येक माडीवर कॉट टाकलेल्या. घरमालक दारातच विचारायचे, “बारावी हाय का? मेडिकलसाठी, सीईटीसाठी?” बी.ए.ची मुलगी म्हटलं की दार बंद. बी.ए. करणाऱ्या मुलीला जणू झोपच लागत नाही!

एक वर्ष बाहेरून तपासणी समिती यायची होती. कुलसचिवांनी साहेबांना बोलावून सांगितलं, “वसतिगृहाचं काम सुरू आहे असं दाखवा.” साहेब म्हणाले, “दाखवतो.” मी चाट पडले. म्हटलं, साहेब आणि खोटं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आले तर साहेब माळावर. पायजमा वर खोचलेला, हातात फक्कीचं घमेलं. क्रिकेटच्या मैदानावर पांढऱ्या रेघा मारतात तशी त्यांनी अख्ख्या वसतिगृहाची खऱ्या मापाची आखणी जमिनीवर केली होती. खोल्या, व्हरांडा, न्हाणीघर, जेवणघर, सगळं. दार आहे तिथं रेघ मोडलेली आणि बाहेरच्या बाजूला दाराची कमान काढलेली.

समिती आली. अध्यक्ष म्हणजे चांगले जाडजूड, कोटातले गृहस्थ. “कुठं आहे वसतिगृह?”

“हे बगा, साहेब. आपण जिन्यापाशी उभं हाव.”

अध्यक्ष पुढं निघाले तसे साहेब आडवे आले. “साहेब, भिंतीतून जाऊ नका. दार हिकडं हाय.”

आणि काय सांगू, ते अध्यक्ष खरंच वळले! दारातून आत गेले. त्यांच्यामागून दोन प्राध्यापिका, त्यांच्यामागून आमचे कुलसचिव लाल चेहऱ्यानं. साहेब एकेक खोली दाखवत होते. “हितं तीन पोरी. हितं दप्तर ठिवायला कोनाडा, पण खाली, उंचावर न्हाई. ही खिडकी, गज न्हाईत, आतून काढता येणारी जाळी हाय.” एक प्राध्यापिका न्हाणीघराच्या रेघेशी थांबल्या आणि म्हणाल्या, “नळ किती?” साहेबांनी नळ सांगितले. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं की उन्हानं डोळे चुरचुरत होते, मला माहीत नाही. समितीनं अहवालात लिहिलं, ‘वसतिगृहाचे नियोजन अत्यंत उत्तम.’ बस्स. वाऱ्यानं चार दिवसांत फक्की उडाली आणि आम्ही पुन्हा ‘झालेले नाही’वर आलो.

साहेबांनी वसतिगृहाचा एवढा ध्यास का घेतला होता हे मला महानंदामुळं कळलं. ती त्यांची भाची, बहिणीची मुलगी. बहीण भूकंपात गेली. पोरगी तेव्हा शाळेत घालायच्या वयाची होती, ती ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. पण शेजारच्या घरातली त्याच नावाची लेक गेली होती, आणि कुणीतरी यादीत हिचं नाव मेलेल्यांत घातलं. पत्र्याच्या शेडमधल्या शाळेत नाव घालायला गेले तर मास्तर म्हणाले, ही तर मयत आहे. जिवंत पोरगी समोर उभी, नाक पुसत! बाप, रेवणप्पा त्यांचं नाव, ऑफिसात जाऊन भांडला, रडला, शिव्या देऊन आला. काही झालं नाही. साहेबांनी अर्ज केला. मग दुसरा, मग तिसरा. वर्षभरानं कुठल्याशा साहेबानं समासात लिहिलं, ‘हयात. दुरुस्ती करावी.’

“एका शेऱ्यानं मेली हुती, बाई. एका शेऱ्यानं जिती झाली,” साहेब मला म्हणाले. हे सांगताना ते डबा पुसत होते.

ही महानंदा बारावीला गावात पहिली आली. तिला शिकायचं होतं, मास्तरीण व्हायचं होतं. साहेब म्हणाले, लातूरला माझ्या घरी राहील, माझ्यासोबत रोज विद्यापीठात येईल. रेवणप्पा नाही म्हणाले. ते एकदा ऑफिसात आले होते तेव्हा मी स्वतः ऐकलं.

“पाव्हणं, वयात आलेली पोरगी मामाच्या घरी ठिवली की लोक काय म्हणतेत ठावं हाय ना? मामाच्या पोराला दिली म्हणतेत. पुन्हा दुसरी सोयरीक दारात येत न्हाई.”

“माझा पोरगा तर अकरावीत हाय,” साहेब म्हणाले.

“लोकांला ते सांगत बसू का? होस्टेल करा तुमचं. होस्टेलात घालतो, आनंदानं घालतो. येत्या जूनपातूर थांबतो. न्हाई झालं तर देगलूरचं स्थळ आलंय, मग मला बोलू नका.”

आमच्याकडं मामाच्या घरात दिलेल्या मुली कमी नाहीत, त्यामुळं रेवणप्पांचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. साहेबांनी मान हलवली. “हौदु,” म्हणाले.

आणि कामाला लागले. वसतिगृह जूनपर्यंत बांधून होणं शक्य नव्हतं, हे त्यांना कळत होतं. पण प्राध्यापकांसाठी बांधलेले चार क्वार्टर तयार होऊन रिकामे पडले होते. प्राध्यापक लातूर सोडून माळावर यायला तयार नव्हते. साहेबांनी प्रस्ताव केला: इमारत होईपर्यंत या चार क्वार्टरांत वीस मुलींची तात्पुरती सोय करावी. आठ दिवस बसून त्यांनी नियमावली लिहिली, मी टाइप केली. कोण राहील, कोण राखण करील, पाणी कुठून, जेवण कसं. एकेका ओळीवर त्यांनी तासतास घालवले. फाइल बघून मलाच वाटलं, मी तिथं जाऊन राहावं.

त्याच सुमारास नवे कुलगुरू आले. मराठी माणूस, पण सगळा जन्म हैदराबादच्या प्रयोगशाळेत इंग्रजीत गेलेला. अतिशय सज्जन. इथं आल्यावर त्यांनी ठरवलं की सगळे शेरे मराठीतून लिहायचे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, मूर्खासारख्या.

फाइल वर गेली. पाचव्या दिवशी परत आली. मी आवक रजिस्टरला घेतानाच उघडली. हिरव्या शाईत, सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

‘अतिशय उत्तम प्रस्ताव. दप्तरी दाखल करावे.’

ज्यानं ऑफिसात कधी पाय ठेवला नाही त्याला यात काही वावगं वाटायचं नाही. पण सरकारी कामाशी संबंध आलेल्या कुणालाही विचारा. दप्तरी दाखल म्हणजे विषय संपला. फाइल बांधा, रेकॉर्डला टाका, पुन्हा काढू नका. नाही म्हणायची ती सभ्य रीत आहे.

साहेबांनी शेरा वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

मी म्हणाले, “साहेब, उत्तम म्हणतात आणि बंदही करतात? काहीतरी गडबड आहे. वर जाऊन विचारा की.”

“उत्तम म्हणूनच बंद करतेत, बाई. वाईट असलं तर परत पाठवतेत.”

“अहो, पण माणूस नवीन आहे! दोन जिने तर चढायचेत!”

“शेऱ्याला प्रश्न इचारायचा न्हाई.”

“मग मी जाते.”

त्यावर ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले. “तुमी लिपिक हाव. मला डावलून कुलगुरूकडं जाताव? कागदाची रीत असती. आज तुमी रीत मोडली, उद्या कुणीबी मोडील. मग त्या पोरीचं नाव मेल्याल्या यादीतून कुणी काढलं असतं?”

माझी एवढी हिंमत नव्हती. आता वाटतं, जायचं होतं मी! काय झालं असतं, मेमो मिळाला असता? मिळू द्यायचा. साहेबांनी स्वतःच्या हातानं फाइल बांधली, वर नंबर घातला आणि रेकॉर्ड रूमच्या खालच्या फळीवर ठेवून आले. त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

मग त्यांनी नवा प्रस्ताव घातला नाही का? घातला. ग्रंथालयाचा. वसतिगृहावर दप्तरी दाखल झाल्यावर त्याच विषयाचा कागद पुन्हा घालायचा नसतो, हीसुद्धा रीतच. रेवणप्पांना त्यांनी काय कळवलं माहीत नाही. वैशाखात महानंदाचं लग्न झालं, देगलूरच्या स्थळाशी. साहेब तीन दिवस रजेवर होते. परत आले तेव्हा पेढे नव्हते आणले. मी विचारलं, “लग्न कसं झालं?” तर म्हणाले, “येळेवर झालं.”

जुलैत आढावा बैठक होती. सगळे विभागप्रमुख, कुलसचिव, आम्ही कागद घेऊन मागं उभे. कुलगुरू उत्साहात होते. एकेक विषय घेता घेता ते एकदम साहेबांकडं वळले आणि हसून म्हणाले, “हां, बिराजदार! तुमच्या वसतिगृहात किती मुली आल्या?”

साहेब उभे राहिले.

“सर, आपण फाइल बंद केली.”

“मी?” कुलगुरूंचा चेहरा अगदी कोरा. “मी कशाला बंद करीन? मी तर दाखल करा म्हणून लिहिलं! शाळेत मूल दाखल करतात, दवाखान्यात पेशंट दाखल करतात... दप्तरी घ्या आणि सुरू करा, असंच ना?”

कुलसचिवांनी खाली मान घातली. कुणीतरी मागं खुसखुसलं, त्याचा मला अजून संताप येतो. कुलगुरू एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. कुणीतरी हळूच त्यांना अर्थ सांगितला. तो भला माणूस पांढराफटक पडला. “अहो, मग मला येऊन विचारलं का नाही?” ते म्हणाले. “माझं दार तर दिवसभर उघडं असतं.”

साहेबांचे ओठ हलत होते. माळावर मोजताना हलायचे तसे, पण या वेळी आकडे नसावेत.

कुलगुरूंनी त्याच दिवशी क्वार्टरांची फाइल काढायला सांगितलं. पण क्वार्टर होते कुठं? मधल्या काळात कुलसचिवांना लातूरसारखं काहीतरी करायची हौस आली होती. स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन केंद्र निघालं होतं, त्यासाठी लातूरहून बोलावलेले क्लासवाले सर चारही क्वार्टरांत राहत होते. केंद्राच्या इमारतीला जागा दिली तीही फक्कीच्या रेघा मारलेली. जेवणघर होतं तिथं आता पार्किंग. त्या महिन्याच्या ‘परिसर वार्ता’त साहेबांनी वसतिगृहाची ओळ स्वतः लिहून दिली: ‘मुलींचे वसतिगृह: नियोजन विभागाच्या चुकीमुळे झालेले नाही.’ मी म्हणाले, चूक कुलगुरूंची होती. ते म्हणाले, “त्येंला शब्द ठावा नव्हता. मला ठावा हुता. इचारायचं कुणी?” मी तसंच टाइप केलं. कुलसचिवांनी ती ओळ खोडली.

त्यानंतर साहेब आणखी काही वर्षं होते. काम तेच, शिस्त तीच. रिटायर झाले तेव्हा भाषण केलं नाही, श्रीफळ घेतलं आणि गेले. आणि आमच्या विद्यापीठाची तऱ्हा बघा, ते गेल्यावर तीन वर्षांत मुलींचं वसतिगृह उभं राहिलं. कुणाच्या प्रयत्नानं म्हणाल तर कुणाच्याच नाही. कुठूनतरी योजना आली, आमच्याकडं तयार नकाशा आणि तयार नियमावली होती, रेकॉर्ड रूमच्या खालच्या फळीवरची. धूळ झटकली, वरचं पान बदललं, झालं. हळूहळू!

माझ्या नोकरीची शेवटची दोन वर्षं मला वसतिगृहाच्या ऑफिसात टाकलं. तिथं एक दिवस दुपारी साहेब आले. आधी ओळखूच आले नाहीत, इतके वाळले होते. सोबत तिशीच्या आतली एक बाई, हातात पिशवी, डोक्यावर पदर.

“बाई, ही महानंदा,” साहेब म्हणाले.

मी उठून तिचा हात धरला. ती भरभर, आनंदानं बोलायला लागली. सासरी राहून तिनं बाहेरून बी.ए. केलं होतं. आता एम.ए.ला आमच्याकडं प्रवेश मिळाला होता. देगलूरहून रोज येणं जमायचं नाही. लेक शाळेत जाते, सासू सांभाळणार आहे. “नवरा हो म्हणला, सासू हो म्हणली,” ती हसत म्हणाली. “पैल्यांदाच समदे हो म्हणले, म्हणून लगोलग आले.”

आमच्या रेक्टर म्हणजे नवीन लागलेली तरुण मुलगी. तिनं एम.ए.च्या प्रवेशाची पावती बघितली, गळ्यातल्या मंगळसूत्राकडं बघितलं आणि अवघडून म्हणाली, “ताई, नियम सात आहे.”

भिंतीवर काचेत नियमावली लावलेली होती. नियम सात: ‘प्रवेश केवळ अविवाहित विद्यार्थिनींनाच देण्यात येईल.’

साहेब काचेजवळ गेले. ते वाक्य त्यांचंच होतं. आठ दिवस बसून लिहिलेलं. बापलोकांना भरवसा वाटावा म्हणून मुद्दाम घातलेलं, त्यांनीच मला तेव्हा सांगितलं होतं. टाइप मी केलं होतं. कुणी एक अक्षर बदललं नव्हतं. साहेबांनी ते वाचलं, आणि किती तरी वेळ वाचतच राहिले. म्हटलं, झालं, आता हे म्हणणार की नियम म्हणजे नियम.

“मामा, ऱ्हाऊ द्या,” महानंदा म्हणाली. “चला, गाडी जाईल.”

“न्हाई ऱ्हाऊ द्यायाचं!”

साहेबांचा एवढा मोठा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. रेक्टर दचकून उभीच राहिली. साहेब वळले आणि तडक मुख्य इमारतीकडं चालायला लागले. महानंदा पिशवी सावरत मागं, मी तिच्या मागं. दोन जिने चढताना त्यांना धाप लागली, तरी थांबले नाहीत. कुलगुरू आता तिसरेच कुणी होते, साहेबांना ओळखतही नव्हते. शिपाई म्हणाला, कुलगुरू मीटिंगमध्ये आहेत, अपॉइंटमेंट घेतली का, चिठ्ठी द्या.

“चिठ्ठी न्हाई. इचारायचं हाय. तोंडी.”

“कशाबद्दल सांगू?”

“नियम सात कुणी लिहिला ते सांगायला आलोय म्हणावं. आन तो चुकलाय म्हणावं.”

शिपाई माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणाले, जा, तसंच सांग. तो आत गेला, बाहेर आला, बसा म्हणाला. दोघं बाकावर बसले. चार वाजले, पाच वाजले. माझी नांदेडची गाडी सव्वापाचची, ती चुकली तर पुढची कधी येईल याचा भरवसा नाही. निरोप घ्यायला मी जवळ गेले. साहेबांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ते दाराकडं बघत होते. महानंदानं मांडीवर वसतिगृहाचा कोरा अर्ज घेतला होता आणि एकेक रकाना भरत होती. नाव, गाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव. भरता भरता तिचं पेन थांबलं.

“मामा, विवाहित का अविवाहित, असं इचारलंय. इथं काय लिवू?”

साहेबांनी अर्जाकडं बघितलं नाही.

“त्येवढा रकाना मोकळा सोड,” ते म्हणाले.